मलमल : एका वस्त्राचा उदय, अस्त आणि बोध



श्रीखंडासाठी दही टांगावयाचे असो वा तान्ह्या बाळाचे टोपडे शिवावयाचे असो, आपल्या घरी मलमलीची आठवण हटकून होते. तलम सुती कापडाचा व्यापार आपल्याकडे फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथून असे कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात सर्वोत्तम मलमलीचा मान मात्र गंगेच्या मुखाकडील प्रदेशाला दिला आहे. पुढे हीच कीर्ती डाक्क्याच्या मलमलीला लाभली.

या वस्त्राचे रहस्य राजदरबारात नव्हे, तर नदीकाठच्या शेतात होते. मेघना नदीच्या काठी 'फुटी कापूस' नावाचे देशी वाण पिकत असे. त्याचा धागा आखूड. बोआल माशाच्या दातेरी जबड्याने कापूस विंचरीत, लहानशा धनुकलीने पिंजीत. मग तीक्ष्ण नजरेच्या तरुण स्त्रिया सकाळ-संध्याकाळच्या दमट हवेत टकळीवर सूत काढीत. कोरड्या हवेत ते तुटे. सुताला लाह्यांची खळ देऊन विणकर खड्ड्याच्या मागावर कापड विणीत. दवाने भिजलेल्या गवतावर पसरले असता दिसेनासे होई, म्हणून एका प्रकाराला 'शबनम' हे नाव पडले. मोगल दरबारात याचे जामे व पागोटी होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील श्रीमंत स्त्रियांच्या पोशाखातही त्याला मान मिळाला.

मग हा धंदा बुडाला कसा? कंपनी सरकारने विणकरांची बोटे छाटली, अशी कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. विल्यम बोल्ट्सने १७७२ साली लिहिले ते निराळे आहे : सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले. शिक्षक बंधूंनी हा भेद अवश्य सांगावा. त्याने जुलमाची तीव्रता कमी होत नाही. १७५७ च्या प्लासीनंतर विणकर कंपनीच्या दलालांच्या आगाऊ रकमेत जखडला गेला. नबाबी आश्रय आटला. १७७९ साली क्रॉम्प्टनने काढलेल्या यंत्रामुळे विलायतेत बारीक सूत स्वस्तात निघू लागले आणि भारतीय कापडावर तेथे जबर जकात बसली. ग्राहक गेला, तसा विणकर शेतीकडे वळला. सूत काढणारीचे काम थांबले. शेवटी फुटी कापूस पेरणाराही उरला नाही. बियाणे हरपले, तेव्हा परतीची वाटच बुजली.

ती वाट पुन्हा शोधण्याचा प्रयत्न बांगलादेशात अलीकडे झाला. तेथील संशोधकांनी नदीकाठी रानोमाळ उगवलेली कापसाची झाडे शोधली, जुन्या मलमलीच्या नमुन्यांशी त्यांची तुलना केली आणि चरख्यावर सुमारे ३०० नंबरचे सूत काढवून साड्या विणविल्या. ३०० नंबर म्हणजे एक पौंड सुताची लांबी सुमारे २३० किलोमीटर! डाक्क्याच्या मलमलीला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१३ मध्ये तेथील जामदानी या नक्षीदार मलमलीच्या विणकामाची युनेस्कोने दखल घेतली होती.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय? फुटी कापूस हा आपल्या गावरान कापसाचाच भाऊबंद. दोन्ही एकाच वनस्पतिजातीचे. विदर्भ-खानदेशात एके काळी सर्वत्र दिसणारा गावरान कापूस आज क्वचितच पेरला जातो. हातमागाला उत्तेजन देताना आपण माग देतो, कर्ज देतो, प्रदर्शने भरवितो. ते योग्यच आहे. परंतु बियाणे, सूत, विणकर आणि ग्राहक या साखळीची एक कडी तुटली, तरी उरलेल्या निरुपयोगी ठरतात. पंचायत सदस्यांनी आपल्या गावात गावरान वाण कोणाच्या शेतात टिकून आहे, टकळी व चरखा कोणाच्या हाताला अजून ठाऊक आहे, याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ती करवून घ्यावी. या कामाला खर्च थोडा. पण ते आज राहून गेले, तर उद्या कितीही खर्च करून होणारे नाही.