संशयावरून मत फेकू नये



मतदार केंद्रावर जातो, यादीत त्याचे नाव सापडत नाही आणि तो मान खाली घालून घरी परततो. त्याचा तो दिवसच नव्हे, तर पाच वर्षांचा अधिकार बुडतो. अशा प्रसंगी कायद्याने काय करावे, याचे अमेरिकेने दिलेले उत्तर मी आज आपणापुढे ठेवीत आहे.

२००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि त्यायोगे राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. यादीतील चुकांमुळे अनेकांना मतावाचून परतावे लागले होते. म्हणून २००२ साली कायदा झाला. ज्याच्या नावाविषयी शंका असेल, त्याने आपण पात्र असल्याचे लेखी निवेदन करून मत द्यावे. हे ‘तात्पुरते मत’ वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. पुढे अधिकारी नोंदी तपासतात व पात्रता सिद्ध झाल्यासच ते मोजतात. मत मोजले की नाही, आणि नसल्यास का नाही, हे मतदारास विनामूल्य कळण्याची सोयही आहे.

२००४ साली ओहायो राज्यावर सर्व निकाल अवलंबून होता. मतदानाच्या रात्री जाहीर झालेले अंतर सुमारे १ लक्ष ३६ हजारांचे होते. पण ती बेरीज अधिकृत नव्हती. सुमारे १ लक्ष ५८ हजार तात्पुरती मते लिफाफ्यातच होती. दुसऱ्याच दिवशी केरी यांनी पराभव मान्य केला. तरीही तपासणी थांबली नाही; सुमारे १ लक्ष २३ हजार मते ग्राह्य ठरली. कारण मत हा उमेदवाराचा नव्हे, मतदाराचा हक्क आहे.

आपल्या देशात यादीत नाव नसणाऱ्यास ही सोय नाही. मात्र आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल, तर ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागता येते. तेही वेगळे ठेवतात, परंतु न्यायालयाच्या आज्ञेवाचून मोजीत नाहीत. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा येथे निकाल एका मताने लागला, तेव्हा अशाच मतांचा वाद न्यायालयात गेला.

म्हणून मतदानाच्या दिवसाची वाट पाहू नका. घरातील प्रत्येकाचे, विशेषतः नव्या सुनेचे व गाव सोडून गेलेल्या मुलाचे, नाव यादीत आहे की नाही ते आजच पाहा. केंद्रावर कोणी अडविल्यास निमूटपणे परतू नका, कारण विचारा.