फुग्यांची बंदूक आणि स्टोव्हचा वॉशर

शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र यांची निगा कशी राखायची हे आपण गटांमधून नेहमी बोलतो. आज एका वेगळ्याच यंत्राबद्दल सांगतो. जत्रेत फुगे फोडायला असते ना, ती छर्ऱ्याची बंदूक! हसू नका. त्या बंदुकीवर कुणाचं तरी घर चालतं.

आम्ही अंधेरीच्या वस्तीत बचत गट चालवतो. गटातल्या एका ताईंचा जुहू चौपाटीवर फुग्यांचा स्टॉल आहे. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, तेव्हा आठ दिवस त्या तिकडे असतात. जत्रा तोंडावर आली आणि त्यांच्या दोन्ही बंदुका मंदावल्या. छर्रा फुग्यापर्यंत जायचा, पण फुगा फुटायचा नाही. नव्या बंदुकांसाठी त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत ठरलं, आधी दुखणं कळू दे, मग औषधाचे पैसे काढू.

एक बंदूक सासऱ्यांच्या वेळची होती. तिच्यावर 'आयएचपी' अशी अक्षरं. म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली मुंबईत सुरू केलेली ही कंपनी. पाण्याच्या मोठ्या सिमेंटच्या पाइपांसाठी ती प्रसिद्ध, पण तिनं एअर रायफलीही बनवल्या. अशी जुनी बंदूक लोखंडाला पक्की असते. झिजतात ते आतले दोन-तीन भाग.

वस्तीतले एक निवृत्त फिटर काका मदतीला आले आणि आम्ही पाचजणी शिकायला बसलो. या बंदुकीत दारू नसते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आठवा. दट्ट्या, त्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर. बंदुकीतही तेच, फक्त दट्ट्यामागे जाड स्प्रिंग असते. नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि चापाच्या खाचेत अडकते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. स्टोव्हचा वॉशर वाळला की पंप मारून हात दुखतात, पण हवा भरत नाही. बंदुकीचंही तसंच.

हवा कुठून गळते हे बघायची सोपी युक्ती आहे. समोर जाड गोणपाट टांगायचं, छर्रा भरायचा आणि नळी जिथं मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून बार काढायचा. पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर गेला. पहिल्या बंदुकीची पट्टी उडाली. दुसरीची हलली नाही, म्हणजे दुखणं आत होतं.

आता नीट ऐका. आतली स्प्रिंग बंदूक भरलेली नसतानाही दाबलेलीच असते. मागचा अडसर काढला की ती सुटून डोळा फोडू शकते. म्हणून काकांनी बंदूक लांब क्लॅम्पमध्ये धरली, अडसर काढला आणि क्लॅम्प सावकाश सैल करत स्प्रिंग बाहेर घेतली. हे काम जाणत्या माणसाचंच. घरी करायला जाऊ नका.

स्प्रिंग फरशीवर लोळवली तर डगमगत गेली, म्हणजे वाकलेली. कारणही सापडलं. गिऱ्हाईक येण्याआधीच बंदूक भरून ठेवायची सवय होती. तासन्‌तास दाबलेली स्प्रिंग थकते. वॉशर तर वाळून पापडासारखा झाला होता.

दुकानदार म्हणाला, जास्त ताकदीची स्प्रिंग घ्या, फुगा धाडकन फुटेल. काका नको म्हणाले, आणि इथंच आम्ही खरं शिकलो. जादा जोराच्या स्प्रिंगनं बंदूक हिसका देते, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, नेम हलतो. कायद्याचीही गोष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या एअर गनला परवाना लागतो. शिवाय छर्रा फळीवर आपटून परत येऊ शकतो. म्हणून स्प्रिंग मूळ मापाचीच घेतली.

नवा चामडी वॉशर तेलात मुरवून, पुसून बसवला. स्प्रिंगला ग्रीसचा पातळ हात दिला. नळीत किंवा दट्ट्यापुढे तेल मात्र ओतायचं नाही. दाबलेली हवा तापते आणि तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसं. मोठा आवाज, धूर, आणि नवा वॉशर जळून जातो. शेवटी दस्त्याचे सगळे स्क्रू आवळले.

मग नेम. बंदूक उशीवर टेकवून कागदावर पाच छर्रे मारले. पाचही एका जागी पडले की बंदूक सुधारली समजायचं, मग ते मधोमध नसले तरी चालतं. छर्रा ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला मागची खाच सरकवायची. काही स्टॉलवाले खाच मुद्दाम वाकडी ठेवतात. आमच्या ताई ठेवत नाहीत. ज्याचा फुगा फुटतो तो मित्राला ओढून आणतो, ज्याचा फुटत नाही तो परत फिरकत नाही.

मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्या खेळात मधला ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा. त्यांची रायफल वेगळी, पण तिथंही जोराला गुण नसतात, सारखेपणाला असतात.

तुमच्या गावच्या जत्रेत कुणी बहीण असा स्टॉल लावत असेल, तर तिला एवढं सांगा. नळी उघडी असताना चाप ओढायचा नाही, नळी उसळून बोटं मोडतात. छर्ऱ्याशिवाय बार काढायचा नाही, दट्ट्या आपटून फुटतो. फुग्यांमागे जाड गोणपाट सैल टांगायचं. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, आणि भाकरीला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. मुलांच्या हाती बंदूक एकटी द्यायची नाही. पाखरांवर तर कधीच नाही.

दोन वॉशर, एक स्प्रिंग, थोडं ग्रीस आणि काकांची मजुरी, एवढ्यात दोन्ही बंदुका चालू झाल्या. नव्या बंदुकांच्या मानानं कर्ज अगदी थोडं लागलं. जत्रा झाल्यावर ताईंनी ते तीन हप्त्यांत फेडलं. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम झाला आहे. यंत्रासाठी कर्जाचा अर्ज आला की आधी जुनं यंत्र उघडून बघायचं आणि उघडताना अर्ज करणाऱ्या बाईला शेजारी बसवायचं. आपल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे तिला कळलं, की पुढच्या वेळी तिला कुणी फसवू शकत नाही.

तुमच्याही गटात हा नियम करून बघा.