कपाटातले दगड आणि मंगळाची हवा

बार्शीतल्या एका महाविद्यालयाच्या पदवी प्रदान समारंभाला यंदा पाहुण्या म्हणून भूशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आल्या होत्या. स्नातकांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे अभिनंदन त्यांनी दोन वाक्यांत केले आणि त्या थेट विहिरींवर आल्या. बार्शी तालुक्यात विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली कठीण काळा कातळ लागतो, हे समोरच्या अनेक मुलांना घरीच कळलेले असते. हा सगळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. चंद्रावर डोळ्यांना दिसणारे काळे डाग याच जातीच्या खडकाचे आहेत आणि मंगळाचा बराचसा भागही. चंद्राकडे आणि मंगळाकडे गेलेली याने तिथे जे वाचतात, त्याची बाराखडी आपल्या शेतात पडलेली आहे, असे बाई म्हणाल्या.

तिथून त्या लोणारला गेल्या आणि बराच वेळ तिथेच रमल्या.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. ते ज्वालामुखीचे तोंड असावे, असे अनेक भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत. मग सरोवराच्या तळाला भोके पाडून गाळाखालचा खडक वर काढला गेला. त्यात मास्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताचा दाब बसला की बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची न वितळताच काच होते, ती ही. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा पुरावा छापून आला आणि लोणार हे अशनीच्या आघाताने झालेले विवर ठरले. बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. म्हणून मंगळावरच्या विवरांचे फोटो समोर ठेवून अभ्यासक लोणारच्या काठावर येतात.

तरुणपणी बाई तिथे विद्यार्थ्यांना घेऊन एसटीने जात. परतताना पोत्यात दगड असत. एकदा वाहकाने पोते उघडायला लावले, आत नुसते दगड पाहून तो चक्रावला आणि अखेर त्याने त्यांचे लगेजचे तिकीट फाडले. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकलेला असे. वहीत त्या क्रमांकापुढे तो विवराच्या कोणत्या बाजूला मिळाला, काठापासून किती खाली होता, त्याचे तोंड कुठे होते, हे लिहिलेले असे. ते तिकीट बाईंनी त्याच वहीत चिकटवले होते.

पुढचे सांगताना त्यांचा आवाज चढला. त्या जिथे शिकवत होत्या, तिथला भूशास्त्र विभाग त्यांच्या निवृत्तीनंतर बंद झाला. खोली दुसऱ्या कामाला हवी होती. लाकडी खण रिकामे झाले आणि दगड नव्या इमारतीच्या भरावात गेले. वही बाईंकडे आहे, दगड नाहीत. “कुणी वाईट हेतूने केले नाही, पण विचारलेसुद्धा नाही,” एवढे बोलून त्या थांबल्या. सभागृहात मागे चाललेली कुजबुज तेवढ्यापुरती बंद झाली.

दगड जपण्याने काय होते, याचे उत्तर त्यांनी बिहारमधून आणले. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गयेजवळच्या शेरघाटीत आकाशातून एक दगड पडला. तो जपला गेला, कुठे आणि कधी पडला त्याची नोंद राहिली. मास्केलिनाइटचे पहिले वर्णन याच दगडावरून झाले. तो नेमका आला कुठून, हे मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कुणाला सांगता येईना. १९७६ मध्ये अमेरिकेची दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि त्यांनी तिथल्या हवेतले वायू मोजले. पुढे अंटार्क्टिकावर शेरघाटीच्याच जातीचा एक अशनी मिळाला. त्यातल्या काचेत अडकलेला वायू १९८३ मध्ये तपासला, तर तो व्हायकिंगच्या आकड्यांशी जुळला. एवढ्यावरून शेरघाटीचा दगडही मंगळाचा असल्याचे निश्चित होत गेले. यान एकटे असते तर त्याच्याकडे नुसते आकडे राहिले असते, आणि दगड एकटा असता तर तो आजही अनोळखीच असता.

यानंतर भाषणाची दिशा स्पष्ट झाली. बाईंना सांगायचे होते ते हेच: यानांनी पाठवलेली माहिती फेकू नका, ती शिळी झाली असे समजू नका, ती पुन्हा वाचा. हे त्यांनी तीन-चार वेळा, दर वेळी टेबलावर बोट ठेवून सांगितले.

उदाहरणे त्यांच्या जिभेवरच होती. कॅसिनी यान शनीकडे जाताना ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्राजवळून गेले, तेव्हा त्याच्या वर्णपटमापकाने चंद्राचीही नोंद घेतली. दहा वर्षे त्या नोंदीचे कुणाला विशेष वाटले नाही. मग आपल्या चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री उपकरणाला चंद्राच्या मातीत हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या रेणूंची खूण दिसली आणि सप्टेंबर २००९ मध्ये ती जाहीर झाली. त्याच वेळी कॅसिनीच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर त्यांतही तीच खूण होती. चांद्रयान-१ चा संपर्क २९ ऑगस्ट २००९ रोजी तुटला होता. तरीही त्याच्या माहितीतून २०१८ मध्ये चंद्राच्या ध्रुवांजवळ कायम सावलीत राहणाऱ्या खड्ड्यांतल्या बर्फाचा थेट पुरावा निघाला. तोवर यान मुके होऊन नऊ वर्षे उलटली होती.

शुक्राचे तर त्याहून जुने. मॅगेलन यानाने १९९० नंतर रडारने शुक्राची चित्रे घेतली. त्यांतली १९९१ च्या फेब्रुवारीतली आणि ऑक्टोबरमधली चित्रे शेजारी ठेवून रॉबर्ट हेरिक यांनी ती डोळ्यांनी ताडून पाहिली. माट मॉन्स या ज्वालामुखीचे एक मुख आठ महिन्यांत सुमारे दुपटीने मोठे झाले होते, आकारही बदलला होता. शुक्रावर आजही ज्वालामुखी जागे आहेत, याचा हा भक्कम पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे तीस वर्षे सर्वांसमोर होती.

धूमकेतूंचा विषय निघाला तेव्हा बाई पुन्हा खुलल्या. युरोपचे रोझेटा यान दोन वर्षे ६७पी या धूमकेतूसोबत फिरले. तिथल्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्रांच्या सुमारे तिप्पट निघाले, म्हणून निदान अशा धूमकेतूंनी तरी पृथ्वीवर पाणी आणले नसावे, असे मानावे लागले. ३० सप्टेंबर २०१६ रोजी यान धूमकेतूवर उतरवून मोहीम संपवली. शेवटचा फोटो पूर्ण पोचलाच नाही. त्याचे निम्मेच तुकडे आले आणि संगणकाने त्यांना फोटो मानले नाही. पुढच्या वर्षी कॅमेऱ्याच्या गटाने ते तुकडे जुळवले, आणि सुमारे वीस मीटर उंचीवरून टिपलेली धूमकेतूची जमीन दिसू लागली.

असे काम करणाऱ्यांचे आपल्याकडे काय होते, हे सांगताना त्यांची दुसरी जुनी सल वर आली. उड्डाणाच्या दिवशी शाळाशाळांत पडदे लागतात, पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण यानाची माहिती वाचत वर्षानुवर्षे बसणाऱ्याला आपल्या क्षेत्रात दुय्यम समजतात. एका समितीने बाईंचा प्रस्ताव, दुसऱ्याने गोळा केलेली माहिती वापरणे हे मूळ संशोधन नव्हे, असा शेरा मारून परत पाठवला होता. तो शेरा त्यांना अजून शब्दशः पाठ आहे. “हेरिकांनी काय केले मग?” त्यांनी सभागृहालाच विचारले.

आपल्या भागातला दाखला हवा म्हणून त्या नारायणगावजवळच्या खोडदला गेल्या. तिथल्या जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांच्या दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या शियापरेल्ली यानाचा क्षीण रेडिओ संदेश ऐकला होता. जमिनीवर पोचण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी तो थांबला. यानाच्या फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेला अडकले, त्यावरून संगणकाने आपण जमिनीखाली आहोत असा हिशेब केला आणि छत्री वेळेआधीच सोडून दिली. यान आदळले. कारण कळले, कारण उतरतानाची मोजमापे त्याने वर फिरणाऱ्या सोबतच्या यानाकडे पाठवली होती आणि ती जपून ठेवलेली होती. एरवी तो अपघात म्हणजे नुसती हळहळ उरली असती.

चांद्रयान-२ च्या कक्षायानाची माहिती बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून कुणालाही उतरवून घेता येते. त्याच्या सर्वांत बारीक कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे चंद्रावरची जेमतेम ३० सेंटिमीटर जागा. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही, पीएचडी लागत नाही. एक संगणक, भूशास्त्राची जाण आणि चिकाटी लागते. बार्शीत बसून हे करता येते, हे बाईंनी दोनदा सांगितले. गणित, वाणिज्य किंवा मराठी शिकलेल्यांनाही विवरे मोजता येतात, हेही त्यांनी जोडले.

वेळ केव्हाच संपली होती. सूत्रसंचालकाने चिठ्ठी पुढे सरकवली. ती वाचून बाईंनी बाजूला ठेवली. त्या प्राचार्यांकडे वळल्या आणि महाविद्यालयात जुने दगड, खनिजे, नकाशे कुठे आहेत, असे त्यांनी व्यासपीठावरूनच विचारले. वरच्या मजल्यावर एक कपाट असल्याचे कळले. चहा नंतर, आधी ते बघू, असे म्हणून त्या उठल्या, आणि कपाटातल्या प्रत्येक दगडाचे ठिकाण लिहून काढायला पाच मुले हवीत, असे त्यांनी जिना चढता चढताच सांगितले.