चित्राचे माप उघडे हवे



मापे जुळली नाहीत की काय होते, हे कुर्डुवाडीला सांगावे लागत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथून बार्शीकडे निघाली ती अडीच फुटी रुळांवर. मुंबई-सोलापूर लाइन साडेपाच फुटी. पुढे लातूरपर्यंत गाडी गेली, तरी तिकडचा माल इथे उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यांत चढवायचा, हे काम हमालांच्या पाठीवर कित्येक दशके राहिले. पण निदान रुळाचे माप कुणालाही मोजता येत होते. आपल्या हौशी रेडिओवर चित्रे पाठवण्याच्या काही डिजिटल पद्धतींचे माप तर बनवणाऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसते.

रेडिओवरून सुरांच्या रूपात स्थिर चित्रे पाठवणाऱ्या स्लो स्कॅन टेलिव्हिजनचे तसे नव्हते. ते घडवणाऱ्या कोप्थॉर्न मॅकडोनल्ड यांनी आपली पद्धत १९५८ मध्ये ‘क्यूएसटी’ या हौशी रेडिओच्या मासिकात छापूनच टाकली. आजही काळ्यासाठी १५०० हर्ट्झ, पांढऱ्यासाठी २३०० आणि समक्रमणाच्या खुणेसाठी १२०० हे सूर सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे येतात, तेव्हा माढा तालुक्यातली शाळकरी मुलगीही साध्या हातसंचाचा आवाज मोबाइलला ऐकवून ती पाहू शकते. पद्धत बनवणाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही.

डिजिटलमध्ये गणित वेगळे आहे. जुन्या पद्धतीत गोंगाट आला तर चित्रावर रेघा उमटतात, पण चित्र कळते. डिजिटलमध्ये चूक दुरुस्त झाली तर चित्र स्वच्छ, नाहीतर तो तुकडा गेलाच. हा तुकडा कसा पाडला, चूक कशी ओळखली, हरवलेला भाग पुन्हा कसा मागायचा, हे लिहिलेले नसेल, तर दुसरा कुणी चित्र ग्रहण करणारा (ग्राहक) प्रोग्रॅम लिहूच शकत नाही. लिहिणारा थांबला की पद्धतही थांबते. याउलट, फुग्यांवरून चित्रे पाठवणारी ‘एसएसडीव्ही’ पहा: २५६ बाइटांची पाकिटे, प्रत्येक पाकीट स्वतंत्र उलगडणारे, आणि सगळा कोड खुला. मधली दहा पाकिटे हरवली तरी बाकीचे चित्र जागेवर राहते. संकटकाळी मला असेच काहीतरी हवे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, निरोप पोहोचवले. तशी वेळ पुन्हा आली तर तडा गेलेल्या पुलाचा फोटो आणि औषधांची हस्तलिखित यादी पाठवावी लागेल. समोरच्याकडे आपल्यासारखाच विकतचा मोडेम आहे का, हे विचारत बसायला तेव्हा वेळ नसेल.

हौशी रेडिओ सेवेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, दोन देशांतल्या केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करू नये. तपशील न छापलेल्या बंद पद्धतीचा हेतू लपवण्याचा नसतो, हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्याला उलगडता येत नाही, म्हणजे परिणाम तोच.

तेव्हा या व्यासपीठावरून माझी मागणी अशी: आपल्या रेडिओ जाळ्यांवर आणीबाणीच्या सरावात ज्या पद्धतीचा पूर्ण तपशील प्रसिद्ध आहे, तीच वापरावी. पाकिटाची रचना मराठीत छापावी, आकृत्यांसह, म्हणजे आयटीआयचा विद्यार्थीही ती वाचून ग्राहक प्रोग्रॅम लिहील. आणि आज दुपारच्या सत्रात वेगवेगळे संच, वेगवेगळे प्रोग्रॅम घेऊन एकच चित्र पाठवून पाहू; जिथे अडेल तिथली नोंद सर्वांना खुली ठेवू.