पाच मिनिटांची उसंत

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छापण्यासाठी थोडं आटोपशीर केलेलं)



पत्रिकेत आजच्या विषयाला ‘थोडं विष अमृतासमान’ असं नाव छापलंय. कार्यवाहांचा उत्साह मी समजू शकतो, असल्या नावाने खुर्च्या भरतात. पण घरी जाऊन कुणी प्रयोग सुरू करायला नको, म्हणून आधी एका प्रयोगशाळेतली हकीकत सांगतो.

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर या तिघांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी ४० मिनिटं बंद ठेवली. रक्त पोचेना, प्राणवायू मिळेना, त्यामुळे स्नायूचा बराच भाग मेला. यात नवल काही नाही. दुसऱ्या गटात त्यांनी तीच रोहिणी आधी ५ मिनिटं बंद केली, ५ मिनिटं मोकळी सोडली, पुन्हा ५ मिनिटं बंद केली. असं चार वेळा करून मग ४० मिनिटांची मोठी बंदी लादली. हिशेबाने या कुत्र्यांच्या हृदयाची उपासमार जास्तच झाली. तरीही मेलेला भाग पहिल्या गटाच्या जेमतेम पाव भरला.

पहिल्या छोट्या आघातांनी पेशी सावध झाल्या होत्या. अडेनोसिन नावाचं द्रव्य पाझरलं, त्याच्या इशाऱ्याने आतली यंत्रणा बदलली आणि पेशी आपली शिल्लक ऊर्जा जपून वापरू लागल्या. पण मोठी बंदी ४० मिनिटांऐवजी तीन तास चालवली, तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नाही. सावध झालेल्या पेशीलाही मर्यादा असतेच.

या प्रयोगाबद्दल बोलताना सगळे त्या चार छोट्या बंद्यांबद्दल बोलतात. माझं लक्ष मधल्या ५ मिनिटांकडे जातं. त्या चार बंद्या एकत्र करून रोहिणी सलग २० मिनिटं दाबली असती, तर तिथेच स्नायू मरायला सुरुवात झाली असती. त्रास तेवढाच, वेळही तेवढाच. फरक पडला तो उसंतीमुळे.

थोड्या आघाताने किंवा थोड्या विषाने जीव उलट बळावण्याच्या या प्रकाराला शास्त्रात ‘हॉर्मेसिस’ म्हणतात. १९४३ मध्ये आयडाहो विद्यापीठातल्या साउथॅम आणि अर्लिक यांनी हे नाव रूढ केलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तांबड्या सीडर झाडाच्या अर्काने मारायला ते निघाले होते, आणि अर्क फार पातळ केला की बुरशी उलट जोमाने वाढायची. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकात जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला ह्यूगो शुल्झ यांना यीस्टमध्ये हेच दिसलं होतं. शुल्झ होमिओपॅथीच्या बाजूने बोलू लागले आणि त्यांच्यासोबत हा विषयही पंक्तीतून उठवला गेला. वास्तविक शुल्झ यांच्या पात्रात मोजता येईल इतकं विष होतं. होमिओपॅथीच्या ज्या पाण्यात मूळ द्रव्याचा एक रेणूही उरत नाही, त्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही.

आता तुमच्या-आमच्या रोजच्यातलं एक उदाहरण. व्यायाम केला की स्नायूत मुक्त मूलकं तयार होतात, ती पेशींना इजा करतात. मग त्यांचा नायनाट करणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत घेतल्या तर दुधात साखर, असं कुणालाही वाटेल. येना विद्यापीठातल्या मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये हे तपासलं. तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला आणि निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, घेणाऱ्यांची नाही. इजेची वर्दीच पोचली नाही, तर शरीराने स्वतःची संरक्षक द्रव्यं बनवायची कशासाठी?

आपल्याकडे हे शास्त्र संत्र्याच्या बागेत बघावं. मृग बहार धरायचा म्हणून वरुड-मोर्शीकडे भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात, म्हणजे झाडांना ताण देतात. पानं कोमेजतात, पिवळी पडतात, काही गळतात. वाढ थांबल्यामुळे तयार झालेलं अन्न फांद्यांत साठतं. मग पावसाच्या तोंडावर खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलांनी भरतं. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतो, कारण ती ओल धरून ठेवते. मध्येच वळवाचा पाऊस झाला की बहार हुकलाच. आणि ताण ओढत नेला तर फांद्यांवर सल येते, म्हणजे त्या वाळत जातात, आणि झाड कायमचं खंगतं. बागाईतदार रोज पानांकडे बघतो तो यासाठी. अर्थात, यात भलं झाडाचं की बागाईतदाराचं, हा प्रश्न मी मोकळाच सोडतो. झाडाने आपणहून इतकं फुलायचं ठरवलेलं नसतं.

जिथे ताण तुटतच नाही, तिथे काय होतं? १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘रेडिथॉर’ नावाचं रेडियम मिसळलेलं पाणी टॉनिक म्हणून विकलं जाई. एबेन बायर्स नावाच्या धनाढ्य गृहस्थांनी त्याच्या शेकडो बाटल्या रिचवल्या. त्यांच्या जबड्याचं हाड झडत गेलं आणि १९३२ मध्ये ते वारले. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडात बसवतं आणि त्याचं अर्धायुष्य आहे १६०० वर्षं. बाटली संपली तरी मारा संपत नाही. शिसंही हाडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं, आणि मुलांच्या मेंदूच्या बाबतीत त्याची निर्धोक अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

हाच विषय पुढे करून ‘हालअपेष्टांत वाढलेली पोरं काटक होतात’ असं बोलणारे लोक भेटतात. रोजची भूक, रोजची धास्ती यांना सुट्टी नसते. असल्या बोलण्याला विज्ञानाचं पाठबळ आहे, असं कृपया कुणी सांगू नका.

शेवटी किरणोत्सर्गाचा मुद्दा, कारण तो प्रश्नोत्तरांत येणारच. थोडा किरणोत्सर्ग उपकारक असतो, सबब नियम सैल करा, अशी मागणी करणारे अर्ज अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे २०१५ मध्ये आले होते. आयोगाने ते २०२१ मध्ये फेटाळले. ‘कितीही कमी मात्रा असली तरी थोडा धोका आहेच’ हे गृहीत त्यांनी कायम ठेवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. प्रयोगशाळेत एका जातीच्या, एका वयाच्या उंदरांना मोजून मात्रा देता येते आणि मधली उसंतही मोजून देता येते. नियम मात्र एकाच वेळी धडधाकट कामगाराला, गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला लागू होतो. तिघांना पेलणारी मात्रा एकच असेल, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.