हाताला मुंग्या येतात तेव्हा



सासूबाईंच्या अंगठ्याला नि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या यायच्या. करंगळी तेवढी शाबूत. आम्ही म्हटलं, जन्मभर भाकऱ्या थापल्या, त्याचंच हे! डॉक्टरांनी मनगटातली दबलेली नस मोकळी केली आणि तिथला बारीक तुकडा तपासणीला धाडला. त्यात अमिलॉइड निघालं, म्हणजे घडी चुकलेलं, न विरघळता साचून राहणारं प्रथिन. 2018 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला 98 वयस्क रुग्णांचे असे तुकडे तपासले, तेव्हा 10 जणांत ते सापडलं. त्यांतल्या दोघांच्या हृदयातही होतं. हे ऐकून माझ्या तर पोटात गोळाच आला. लगेच सासूबाईंचं हृदय तपासून घेतलं. साठा मनगटापुरताच निघाला. तरी दरवर्षी दाखवायला सांगितलंय. त्या मात्र म्हणतात, "आता माझी परात दे मला!"