मॉरिशसला जाण्यापूर्वी

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



डिसेंबरात आपल्या बॅचची सहल मॉरिशसला जायची ठरली आहे. नोकरीनिमित्त मी तिथे तीन वर्षं काढली, म्हणून ‘पाच मिनिटं बोल’ असा हुकूम झालाय. समुद्र तुम्ही पाहालच. मी माणसांबद्दल सांगतो.

आकारानं हा देश आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा. या बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच आले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी. मळ्यांवर आधी राबले ते आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. त्याआधीच, १८३४ पासून, मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुई बंदरात उतरली. बरीचशी बिहारकडची, पण तमिळ, तेलुगू होती, आणि कोकणातली आपली माणसंही होती.

तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. माझ्या पहिल्याच गणपतीत देवळात एक आजोबा भेटले. मी शहाणपणानं विचारलं, “आजोबा, मराठी कसं काय विसरलात?” ते हिंदीत जे म्हणाले, त्याचा अर्थ असा : “आम्ही विसरलो म्हणता. तुमच्याकडून कधी कुणी आमची चौकशी करायला आलं होतं?” मग त्यांनी पणजोबांचा नंबर सांगितला. उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला असा नंबर मिळे. आजोबांना तो तोंडपाठ होता. मला माझ्या पणजोबांचं नावही धड सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून मी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात, पण घराघरांत बोलतात ती क्रिओल. गुलाम आणि मालक यांच्या व्यवहारातून, फ्रेंचच्या आधारानं घडलेली ही भाषा आज सगळ्यांची झाली आहे.

तेव्हा एक विनंती. किनाऱ्यावरून एक दिवस उठा. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जा; मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून आले, त्या पाहा. मग ल मोर्नच्या डोंगराकडे जा. पळालेले गुलाम तिथे लपत. दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत आहेत. एकच पाहिलं, तर देश अर्धाच दिसेल.

आणि कुणी आपल्यासारखं दिसलं, तर ‘मूळचे कुठले?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. ते मॉरिशसचे आहेत. आपण पाहुणे आहोत. त्यांनी आपणहून पणजोबांची गोष्ट काढली, तर मात्र बस चुकली तरी चालेल, पूर्ण ऐकून या.